नवा मासा आणि जुनें पाणी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे अरण्यासाठीं प्रसिद्ध आहेत. पण त्यांच्या धानपट्टीची ओळख खरी पटते ती तळ्यांवरून. तळें बांधणारास जमीन देण्याची गोंड राजांची रीत होती. पुढें मालगुजारांनींही गांवोगांव पाळी घालून पावसाचें पाणी अडविलें. मध्यप्रदेशांत १९५० सालीं मालकी हक्क रद्द करणारा कायदा झाला. तेव्हांपासून हीं तळीं ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच बोलण्यांतले ‘मामा तलाव’ झालीं. १९८२ सालीं गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुराहून वेगळा निघाला, तरी दोहोंकडील तळ्यांचा इतिहास एकच राहिला. तळ्याच्या पाण्यावर धान पिकतें, त्यावर गुरें येतात आणि त्यांतल्या मासळीवर ढीवर, भोई, केवट यांच्या चुली पेटतात.

पूर्वीं या तळ्यांत मासळी मुद्दाम सोडावी लागत नसे. पहिल्या पावसाचे ओहोळ चढून मरळ, मागूर, शिंगी हे मासे आपोआप येत. व्यापारी मत्स्यशेती वाढली, तसा रोहू, कटला व मृगळ यांना मान आला. या जाती वाहत्या नदींत अंडीं घालतात; बांधल्या पाण्यांत सहसा घालीत नाहींत. म्हणून त्यांचें बीज बंगालच्या नद्यांतून गोळा होऊन मातीच्या हंड्यांतून दूरदूर जात असे. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनीं पियूषग्रंथीचा अर्क टोंचून या माशांकडून बांधल्या पाण्यांत अंडीं घालून घेतलीं, आणि बीज घरचें झालें. १९५९ सालीं गवत्या व चंदेरी हे परदेशी मासेही भारतांत आले. अशा रीतीनें जुन्या तळ्यांत दर पावसाळ्यास नवे पाहुणे उतरूं लागले.

पाहुणा एकटाच येतो असें नाहीं. त्याच्या कल्ल्यांत, खवल्यांखालीं आणि आंतड्यांत दुसरे जीवही येतात. आर्गुलस नांवाची चपटी ऊ माशाच्या अंगास चिकटून रक्त शोषते. लर्निया हा प्राणी नांगरासारखें तोंड मांसांत रुतवून बसतो. गवत्या माशाबरोबर आशियांतला एक पट्टकृमि यूरोप-अमेरिकेपर्यंत पोंचला. गोड्या पाण्यांतील माशांवर पांढरे ठिपके उठविणाऱ्या एकपेशीय जीवास फूके या फ्रेंच संशोधकानें १८७६ सालीं शास्त्रीय नांव दिलें. हे जीव माशावर कसे येतात आणि केव्हां त्यांना आवरतां येतें, हें तळ्याच्या गढूळ पाण्यांत दिसणें कठीण. तें स्पष्ट झालें कांचेच्या पेटींत, आणि तेंही बव्हंशीं समुद्राच्या माशांमुळें.

लोकांना पाहण्यासाठीं खुलें असें पहिलें मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं निघालें. भारतांत मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ सालीं सागरी मत्स्यालय उघडलें. तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बंद पडलें. मुंबईस चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्तें झालें आणि महाराष्ट्रांतील हजारों मुलांनीं समुद्रांतला जिवंत मासा प्रथम तेथेंच पाहिला. अशा प्रत्येक संस्थेस एक अडचण समान असते. नवे मासे वरचेवर आणावे लागतात, आणि एखादा नवा मासा पेटींत सोडल्यावर थोड्याच दिवसांत जुने, धडधाकट मासेही धापा टाकूं लागतात.

या मृत्यूंचीं कारणें हळूहळू सांपडलीं. १९३१ सालीं ब्राउन यांनीं सागरी माशांच्या कल्ल्यांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचें वर्णन केलें. माशाच्या अंगावर तो सोनेरी धुळीसारखा दिसतो. जपानांत सिकामा यांनीं १९३७ सालीं सागरी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वर्णिला, आणि त्याच्या कारणास १९५१ सालीं ब्राउन यांनीं क्रिप्टोकॅरिऑन असें नांव दिलें. हा जीव माशाच्या त्वचेखालीं तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून तळाशीं जातो आणि कवच करून बसतो. कवचाआंत त्याचे दोनशेपर्यंत तुकडे होतात. तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत, क्वचित् त्याहूनही उशिरा, कवच फुटतें. बाहेर पडलेल्या पिल्लांना दिवसा-दोन दिवसांत मासा भेटला नाहीं, तर तीं मरतात.

समुद्रांत त्यांतलीं बहुतेक मरतातच, कारण पाणी अफाट आणि मासे विखुरलेले. कांचेच्या पेटींत मात्र प्रत्येक पिल्लास वीतभर अंतरावर मासा भेटतो. रोग तोच असतो. कोंडलेल्या पाण्यांत तो साथ होतो. १९६६ सालीं निग्रेली व रुग्गिएरी यांनीं न्यूयॉर्कच्या मत्स्यालयांत याच जीवानें मांडलेल्या ठाण्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उपायही निघाले. सॅन फ्रान्सिस्को येथील डेम्पस्टर यांनीं १९५५ सालीं कल्ल्यांच्या रोगावर मोरचूद सुचविला. मोरचुदांतलें तांबें पोहणाऱ्या पिल्लांस मारतें, परंतु त्वचेखालच्यास व कवचांतल्यास नाहीं. प्रमाण चुकलें तर माशासही मारतें, आणि कोळंबी व प्रवाळ तर थोड्याशा तांब्यानेंही दगावतात. सागरी माशास कांहीं मिनिटें गोड्या पाण्यांत बुडविलें, तर त्याच्या अंगावरचे चपटे कृमि फुगून गळतात. ठिपक्यांचा जीव मात्र त्वचेआड सुरक्षित राहतो. म्हणून सर्व जाणत्या संस्था अखेर एकाच नियमावर आल्या: नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या पेटींत ठेवावा, औषध द्यायचें तें तेथेंच द्यावें, आणि निरोगी ठरल्यावरच मुख्य पाण्यांत सोडावा.

हा नियम माणसास नवा नव्हता. एड्रियाटिक समुद्रावरील रगूझा नगरानें १३७७ सालीं प्लेगच्या मुलखांतून येणारांस तीस दिवस बाहेर थांबविण्याचा कायदा केला; पुढें तीसांचे चाळीस दिवस झाले आणि त्या चाळीसांवरूनच ‘क्वारंटाईन’ हा शब्द निघाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचला. २०२० सालीं तो पुन्हां पोंचला.

कांचेच्या पेटीचा हा धडा मामा तलावास अधिकच लागू आहे. पेटी रिकामी करतां येते, धुतां येते. तळें रिकामें करतां येत नाहीं. त्यांत मोरचूद ओतला, तर गुरें काय पिणार आणि शिंगाडे, कमळें, झिंगे यांचें काय होणार? उन्हाळ्यांत पाणी आटून मासे थोड्या जागेंत दाटतात, तेव्हां तळ्याचीही कांचेची पेटीच होते आणि पावसाळ्यांत बीजाबरोबर आलेली ऊ त्या वेळीं सर्वांस धरते. म्हणजे तळ्यांत रोग शिरल्यावर करण्यासारखें फार थोडें उरतें. जें करतां येतें, तें बीज पाण्यांत पडण्यापूर्वीं.

तें अवघडही नाहीं. बोटभर वाढलेलें बीज दोन-तीन टक्के मिठाच्या पाण्यांत थोडा वेळ बुडवून काढावें. मासे कलूं लागतांच बाहेर घ्यावे. खाऱ्या पाण्यांतील माशावरचे कृमि गोड्या पाण्यानें जातात, तसे गोड्या पाण्यांतील माशावरचे कित्येक जीव मिठानें गळतात. शक्य तर बीज कांहीं दिवस वेगळ्या लहान डबक्यांत राखून पाहावें. पिशवींतलें परकें पाणी तळ्यांत ओतूं नये, आणि एका तळ्याचें ओलें जाळें न वाळवितां दुसऱ्यांत टाकूं नये.

तळ्याचा ठेका घेणारी मच्छीमार संस्था बीज टाकते पावसाळ्यांत आणि जाळें ओढते हिवाळा-उन्हाळ्यांत. बीज आल्या दिवशीं सर्वांनाच घाई असते. पिशव्यांतला प्राणवायु संपत असतो आणि गाडीवाला खोळंबलेला असतो. परंतु त्या दिवशीं वांचविलेला एक तास ढीवराच्या घरास कधीं कधीं सबंध वर्षाचा पडतो. म्हणून मिठाची गोण आणि पाण्याचा हौद गाडी येण्यापूर्वींच पाळीवर तयार असावा.