आवाबाईंचा रस्ता

मुंबईत माहीमला एल. जे. रोड आहे. मला कितीतरी वर्षं वाटायचं, हे कुणी साहेब असतील. पण एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी. जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावाचं, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी. त्यांचं स्वतःचं नाव आवाबाई.

तेव्हा माहीम मुंबई बेटाचं टोक होतं. पलीकडे वांद्रे, मधे खाडी आणि दलदल. वांद्रे ज्या साष्टीत येतं तेही बेटच म्हणा, पण ठाणे-वसईकडची वाट तिथूनच जायची. खाडी ओलांडायची तर होडीने. पावसाळ्यात होडी उलटली की माणूसही गेला आणि मालही. शीवला साष्टीकडे जाणारा एक बांधरस्ता आधीच झाला होता, पण वांद्र्याच्या माणसाला तो केवढा वळसा! माहीमलाही असा रस्ता हवा होता. कंपनी सरकार म्हणालं, पैसे नाहीत.

आवाबाईंनी 1 लाख 57 हजार रुपये दिले. त्या काळचे! जमशेटजींची श्रीमंती चीनच्या व्यापारातली, त्यात अफूही होती. हेही सांगायला हवं. पण मला त्या रकमेपेक्षा त्यांनी घातलेली अट मोठी वाटते. या रस्त्यावर लोकांकडून टोल घ्यायचा नाही, असं त्यांनी सरकारकडून कबूल करून घेतलं. आपण गटात बसतो, तेव्हा पैसे देणारी सहसा गप्प बसते आणि अटी दुसरेच घालतात. इथे देणाऱ्या बाईनेच अट घातली, तीही सरकारला. डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या बाईला दर खेपेला नाक्यावर पैसे मोजावे लागले असते, तर दिवसाच्या कमाईतून घरी काय गेलं असतं?

1843 साली काम सुरू झालं, 1845 साली रस्ता खुला झाला. होडीची वाट बघणं संपलं. पुढे आवाबाईंचं नाव मात्र नवऱ्याच्या नावात गेलं आणि त्याचीही दोन अक्षरं उरली. आमच्या गटाच्या वहीतही काही जणी सही करताना आधी नवऱ्याचं नाव लिहितात. मी म्हणते, ताई, हप्ता तुम्ही भरलात ना?

मध्यंतरी कामाला वांद्र्याला गेले होते, बस माहीमच्या कॉजवेवरूनच गेली. समुद्राच्या बाजूला 2009 साली झालेला सागरी सेतू दिसतो. तिथे गाड्यांना टोल आहे. आमच्या बसला कुणी अडवलं नाही.