गोचिडाचा ताप

आटपाडीच्या बाजारात जाणता माणूस मेंढी घेताना तिचा कान उलटून पाहतो. तेथे गोचीड दडतात. हा जीव जनावराचे रक्त पितो हे धनगराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तो माणसालाही ताप देतो हे कळावयास विज्ञानाला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

1906 साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात हॉवर्ड रिकेट्स ह्या संशोधकाने एका जीवघेण्या पुरळतापाचा माग काढला आणि गिनीपिगांवर प्रयोग करून गोचीड हाच त्याचा वाहक असल्याचे दाखविले. हे जंतू गोचिडाच्या अंड्यांतून पुढल्या पिढीतही उतरतात. 1910 मध्ये मेक्सिको शहरी उवांच्या टायफसचा शोध घेत असता रिकेट्स त्याच रोगाने गेला. जंतूंच्या त्या कुळाला पुढे त्याचेच नाव मिळाले : रिकेट्सिया.

आपल्याकडे जॉन मेगॉ ह्या सरकारी डॉक्टरांनी 1917 मध्ये कुमाऊँकडील अशा तापाची नोंद केली व 1921 मध्ये गोचिडावर संशय घेतला. भारतात हा ताप मुख्यतः कुत्र्यावरील तांबूस गोचिडाकडून येतो. म्हणजे कळपाचा राखणदारच तो वस्तीवर आणतो! ताप, डोकेदुखी आणि काही दिवसांनी पुरळ, तोही पुष्कळदा तळहात-तळपायांवर. गोवर, मलेरिया, टायफॉइड समजून दिवस जातात, आणि तेच दिवस मोलाचे असतात. डॉक्सीसायक्लिनसारखे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रोगी बहुधा वाचतो.

इटलीच्या रामाझ्झिनी ह्या वैद्याने 1700 मध्ये सांगून ठेवले होते की, रोग्याला त्याचा धंदा विचारावा. 2011 मध्ये अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ह्या तापाच्या निदानासाठी गुणांकनाची पद्धत सुचविली. तीत पुरळाप्रमाणेच गोचिडाशी आलेल्या संपर्कालाही गुण आहेत. महागडी तपासणी नसलेल्या गावात एवढा प्रश्न पुष्कळ काम करतो.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, जनावरे हाताळण्यातून जडणारे संसर्गरोगही पुढे व्यवसायजन्य ठरले. पण भरपाई मालकाकडून मागावयाची. स्वतःची मेंढरे राखणारा धनगर मालकही तोच आणि मजूरही तोच! गिरणीच्या दाराशी सभा भरते. माळरानाला दार कोठे? ह्या माणसाचा आजार कोणत्याच वहीत चढत नाही, म्हणून सरकारी दवाखान्यात धंदा विचारून लिहून घेण्याची मागणी आपण धरली पाहिजे.

अंगावर गोचीड सापडला तर नखाने चिरडू नये, तेल-रॉकेलही लावू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, जागा साबणाने धुवावी, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आलाच तर डॉक्टरांना गोचिडाचे आधी सांगावे.