डोक्याचा मार आणि पोटाची साक्ष

डोक्याला मार लागला की पोट ढवळते, हे निरीक्षण ग्रीक वैद्यकाइतके जुने आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने संग्रहित झालेल्या सूत्रांत मेंदूला जखम झाल्यास ताप येतो आणि पित्ताची उलटी होते, असे नोंदलेले आढळते. मेंदूला हादरा बसल्यास वाचा जाते, असेही तेथे म्हटले आहे. हादरा, म्हणजेच आजच्या भाषेत कन्कशन, ही जोराच्या धक्क्याने कवटीतला मेंदू हिंदकळून त्याचे कार्य काही काळ बिघडण्याची अवस्था होय, आणि नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये तिची खूण बहुधा दिसत नाही. तथापि वैद्यांनी उलटीकडे पाहिले ते कवटीच्या आतली खबर देणारे लक्षण म्हणून. मूल पडले की मराठी घरांत आजही पहिला प्रश्न ‘उलटी झाली का?’ हाच असतो, आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील नियमावलीनेही दोन किंवा अधिक उलट्या हे डोक्याचे सीटी स्कॅन करण्याचे एक कारण ठरवले. खुद्द पोटात काय घडते, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

त्या प्रश्नाची सुरुवात शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी 1772 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, डोक्यात लोखंडी सळईचा एकच घाव बसून जागीच मेलेल्या एका धडधाकट माणसाचा दाखला दिला होता. त्याने थोड्याच वेळापूर्वी भरपेट जेवण केले होते आणि त्याच्या जठराची भिंत विरघळून अन्न उदरपोकळीत उतरलेले आढळले. मृत्यूनंतर जठररस स्वतःच्याच जठराला पचवू लागतो, हा हंटर यांचा निष्कर्ष योग्य होता. परंतु त्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली. मेंदूच्या विकाराने दगावलेल्यांच्या जठरात दिसणारी छिद्रे मृत्यूनंतरची मानावी की मृत्यूपूर्वीची, याचा निवाडा सोपा नव्हता. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी 1840च्या दशकात, असे काही बिघाड रुग्ण जिवंत असतानाच होतात आणि त्यांचे मूळ व्हेगस चेतेच्या विकृत उत्तेजनात असावे, असे सुचवले. व्हेगस ही मस्तिष्कपुच्छातून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातून निघून मान व छातीमार्गे जठर-आतड्यांपर्यंत पोहोचणारी लांब चेता होय.

रोकिटान्स्की यांच्या या तर्काला बळ देणारी निरीक्षणे बोस्टनमध्ये मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांच्या शस्त्रक्रियागृहात मिळाली. लहान मेंदूतील गाठी काढल्यानंतर तीन रुग्ण अन्ननलिका-जठराच्या भागात अचानक छिद्रे पडून दगावले, आणि त्यांचा विचार करीत कुशिंग यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ निबंधात पुढील कल्पना मांडली: मेंदूच्या खोल गाभ्यातील परानुकंपी केंद्रे, म्हणजे विश्रांती आणि पचन यांना चालना देणारी केंद्रे, चेतावली गेली की व्हेगसमार्फत जठराम्ल वाढते आणि व्रण पडतो. व्हेगस तोडली की जठररसाचा चेतानियंत्रित स्राव थांबतो, हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांनी कुत्र्यांवर आधीच दाखवले असल्याने या मांडणीला प्रयोगाचा पाया होता. मेंदूच्या गंभीर इजेनंतरच्या अशा व्रणाला पुढे कुशिंगचेच नाव मिळाले, आणि अतिदक्षता विभागात आम्ल कमी करणारी औषधे देण्याच्या प्रथेमागे या ज्ञानाचाही वाटा आहे. साध्या हादऱ्यात असे व्रण अपेक्षित नसतात, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जखमी खेळाडूला त्यांचे भय दाखवणे अन्यायाचे होईल.

साध्या हादऱ्याशी अधिक जवळचा धागा हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांच्या कामात सापडतो. 1890च्या दशकाच्या अखेरीस क्ष-किरणांखाली मांजराचे जठर पाहताना त्यांना असे दिसले की, प्राणी अस्वस्थ झाला की जठराची हालचाल थांबते. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे संकटसमयी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, पचनाला लगाम घालते. हादऱ्यानंतर अनुकंपी आणि परानुकंपी या दोन यंत्रणांचा तोल काही रुग्णांत बिघडलेला आढळतो. मळमळ आणि मंद भूक यांचे एक स्पष्टीकरण त्यातून मिळते. वेदनाशामके आणि अंथरुणावरची सक्तीची विश्रांती हीसुद्धा बद्धकोष्ठाला कारणीभूत होतात, म्हणून प्रत्येक तक्रार मेंदूच्या माथी मारता येत नाही.

एकविसाव्या शतकात लक्ष जठरावरून आतड्याच्या अस्तराकडे वळले. या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि आतड्यातील जिवाणूंना रक्तापासून दूर ठेवतात. मेंदूला इजा केलेल्या उंदरांत काही तासांतच ही बांधणी सैल पडते, आणि 2010 च्या सुमारासच्या प्रयोगांत व्हेगसला विद्युत उत्तेजन दिल्यावर ती हानी कमी झाली. आतड्यातील जिवाणूंची घडणही बदलते, असे पुष्कळ प्रयोग सांगतात, पण माणसांवरील पुरावा अजून तोकडा आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासाने तर उलटा प्रवासही दाखवला: मेंदूच्या इजेनंतर चार आठवड्यांनी आतड्याला जिवाणूंचा संसर्ग केला असता मेंदूतील दाह वाढला.