न मोजतां येणाऱ्यांची मोजणी

दुकानदार ज्वारीचे दाणे मोजून देत नाहीं, तोलून देतो. परंतु एका दाण्याचें वजन ठाऊक असेल, तर तागडीवरून दाण्यांची संख्याही सांगतां येईल. रसायनशास्त्रांतील ‘मोल’ ही कल्पना मुळांत एवढीच आहे. विद्यार्थ्यांस ती अवघड वाटते ह्यांत नवल नाहीं; खुद्द शास्त्रज्ञांस तिचा पाया पटावयास जवळजवळ अर्धें शतक लागलें.

१८११ सालीं इटलींतील आव्होगाद्रो ह्यानें असें प्रतिपादिलें कीं, उष्णमान व दाब समान असतां कोणत्याही वायूच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समानच असते. आणि ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्याचा रेणुही दुभंगूं शकतो. पण एकाच जातीचे अणु परस्परांस दूर लोटतात, असें डाल्टन व बर्झीलियस मानीत. मग ते जोडीनें राहतील कसे? ही शंका त्या काळीं बिनतोड वाटली. परिणामीं ऑक्सिजनचा अणुभार कोणी ८ धरी, कोणी १६. पाण्याचें सूत्रही एक राहिलें नाहीं. दाण्याच्या वजनाविषयींच मतभेद असल्यावर तागडीनें काय करावें?

हा घोळ मिटविण्यासाठीं सप्टेंबर १८६० मध्यें जर्मनींतील कार्ल्सरूह येथें शंभराहून अधिक रसायनज्ञ जमले. तेथें कानिझ्झारो ह्या इटालियन अध्यापकानें आव्होगाद्रोच्या तत्त्वावरून अणुभार कसे ठरवावे तें समजावून दिलें. परिषदेंत निर्णय झाला नाहीं. परंतु अखेरीस वांटलेली त्याची पुस्तिका वाचून लोथार मायरसारख्यांचा संशय फिटला. ही पुस्तिका म्हणजे जिनोआच्या विद्यार्थ्यांसाठीं आंखलेल्या पाठांची रूपरेषा होती! आव्होगाद्रो मात्र १८५६ सालींच निवर्तला होता.

‘मोल’ हें नांव पुढें ओस्टवाल्डनें रूढ केलें; आणि अणूंच्या अस्तित्वावर बराच काळ त्याचाच विश्वास नव्हता! १९०८ च्या सुमारास फ्रान्समध्यें पेरँनें द्रवांत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या निरीक्षणावरून मोलांतील रेणूंची संख्या काढली, तेव्हां त्यानेंही माघार घेतली. २० मे २०१९ पासून मोलाची व्याख्याच ह्या संख्येनें केली जाते: ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. घोटभर, म्हणजे १८ ग्रॅम, पाण्यांत जवळजवळ इतके रेणु असतात.

जो वाद विद्वत्परिषदेंत सुटला नाहीं, तो वर्गासाठीं तयार केलेल्या टिपणानें सुटला. तेव्हां विद्यार्थ्यास ती संख्या घोकावयास लावण्यापूर्वीं ती कां शोधावी लागली, हें शिक्षकानें सांगावें. मग मोलाचें मोल त्याला आपोआप कळेल.