शुद्धाशुद्धतेचे नियम आणि ख्रिस्ती पावित्र्य

मासिक पाळीच्या दिवसांत ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा की नाही, असा प्रश्न आजही काही भगिनी दबक्या आवाजात धर्मगुरूंना विचारतात. बाळंतपणानंतर चाळीस दिवस मिस्साला न येणाऱ्या मातांच्या मनातही हीच शंका असते. आपल्या समाजातील विटाळाची कल्पना हे तिचे एक मूळ आहे; परंतु काहीजण बायबलचाच दाखला देतात, म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

शुद्धाशुद्धतेचे बहुतेक नियम लेवीय ह्या पुस्तकाच्या 11 ते 15 ह्या अध्यायांत आहेत. भक्ष्य-अभक्ष्य प्राणी, बाळंतपण, त्वचारोग व शरीरातील स्राव हे त्यांचे विषय. अशुद्ध व्यक्तीने पवित्रस्थानात जाऊ नये व पवित्र वस्तूंना शिवू नये, हा त्यांचा मुख्य परिणाम. मात्र अशुद्ध होणे म्हणजे पाप करणे नव्हे. आईवडिलांच्या मृतदेहाला शिवणारा पुत्र सात दिवस अशुद्ध ठरे (गणना 19), तरी त्यांना मूठमाती देणे हे त्याचे कर्तव्यच होते. पतिपत्नीच्या संबंधानंतर दोघेही संध्याकाळपर्यंत अशुद्ध असत (लेवीय 15:18). ह्या वचनाविषयी शंका घेऊन आलेला एकही पुरुष प्रस्तुत लेखकाला अद्याप भेटलेला नाही!

रक्त व वीर्य ही जीवनाची चिन्हे. त्यांचा स्राव आणि मृतदेह मृत्यूची आठवण देतात, आणि जीवनदात्या परमेश्वराच्या निवासापासून मृत्यूचे सावट दूर ठेवावे हा ह्या नियमांचा हेतू, असे स्पष्टीकरण याकोब मिल्ग्रोम ह्या यहुदी पंडितांनी दिले आहे. सर्वच नियमांना ते सारखे लागू पडत नाही. बाळंतपणाच्या व स्रावांच्या नियमांना मात्र चांगले लागू पडते.

पुत्र झाल्यास 40 व कन्या झाल्यास 80 दिवसांनी माता अर्पण करी. ऐपत नसल्यास कोकराऐवजी दोन पक्षी चालत. पवित्र मरियेने हेच गरिबाचे अर्पण केले (लूक 2:22-24). निष्पाप मातेनेही तो विधी पाळला, ह्यावरून तो पापाची शिक्षा नव्हता हे उघड आहे. 2 फेब्रुवारीचा सण पूर्वी मरियेचे शुद्धीकरण ह्या नावाने ओळखला जाई. 1969 च्या सुधारित दिनदर्शिकेपासून तो प्रभूच्या समर्पणाचा सण म्हणून साजरा होतो.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने येशूच्या वस्त्राला स्पर्श केला, तेव्हा त्याने तिला दूर सारले नाही. ‘मुली’ म्हणून हाक मारली (मार्क 5:25-34). माणसाला विटाळवते ते त्याच्या अंतःकरणातून निघणारे, हेही त्यानेच शिकवले (मार्क 7). लेवीयाच्या 19 व्या अध्यायातील पावित्र्यही ह्याच दिशेचे आहे: मजुराची मजुरी रात्रभर अडवू नये, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे, वजने-मापे खरी असावीत. हे नियम आपल्यावरून उठलेले नाहीत.

पोप संत ग्रेगरी पहिले ह्यांच्या नावे बीड ह्या इतिहासकाराने नोंदवलेल्या उत्तरांत पाळीच्या काळात स्त्रीला ख्रिस्तप्रसाद नाकारू नये असे स्पष्ट म्हटले आहे. आदरापोटी ती स्वतःहून दूर राहिल्यास तिची प्रशंसाही तेथे आहे, आणि दुर्दैवाने पुढच्या काळात कित्येकांनी तेवढेच उचलले. 1983 च्या धर्मसंहितेचे कलम 919 ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तासाचा उपवास सांगते. पाळीचा वा बाळंतपणाचा तेथे उल्लेखही नाही. प्रकृती साथ देत असेल तर मातेने चाळीस दिवस मोजू नयेत. पुढच्याच रविवारी मिस्साला यावे आणि ख्रिस्तप्रसाद घ्यावा.