छिद्र कोणी ठरवायचं?

मागच्या रविवारी बाबांना घेऊन राजगडला गेलो होतो. "आता परत काही जमायचं नाही," असं म्हणत ते संजीवनी माचीवर टेकले. मागे सूर्य मावळत होता. फोटो काढला. आकाश झकास, बाबा काळेकुट्ट!

म्हटलं, छिद्र मोठं करू. एफ/८ चं एफ/४ केलं, म्हणजे चौपट उजेड. तरी बाबा काळेच. घरी आल्यावर घोळ कळला. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर होता. मी छिद्र वाढवलं, तसं त्याने शटर १/२५० वरून १/१००० वर नेलं. हिशोब बरोब्बर, उजेड होता तेवढाच!

मग प्रश्न पडला, हा हिशोब कॅमेऱ्याच्या हातात गेला कधी?

१८५८ साली इंग्लंडमध्ये जॉन वॉटरहाउस यांनी सोपी युक्ती काढली. लहानमोठी भोकं पाडलेल्या पितळी पट्ट्या, लेन्सच्या खाचेत हवी ती सरकवायची. कुठली पट्टी, हे माणूस ठरवणार. १९३२ मध्ये वेस्टनचं विजेवर चालणारं प्रकाशमापक आलं आणि १९३८ मध्ये कोडॅकच्या सुपर सिक्स-२० मध्ये तर मापकच छिद्र ठरवू लागलं.

गोची एकच. मापकाला माणूस दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे, असं ते गृहीत धरतं. मागे लख्ख आकाश असलं की ते आकाशालाच करडं करतं आणि चेहरा अंधारात जातो.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली. तिचं सार असं: मापक आकडा देईल, पण कुठला भाग किती उजळ हवा ते तुम्ही ठरवा. पुढे १९८३ च्या निकॉन एफए ने चित्राचे पाच भाग करून उजेड मोजायला सुरुवात केली. आजचे फोन चेहराही ओळखतात. पण ठरवणं संपलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मॅन्युअल मोड. चेहऱ्याजवळ जाऊन उजेड मोजायचा, छिद्र आणि शटर दोन्ही तिथेच पक्कं करायचं आणि मागे येऊन फोटो काढायचा. आकाश पांढरंफटक पडेल. पडू दे. सूर्य उद्याही मावळणार आहे. बाबांना मात्र पुन्हा गड चढायला राजी करावं लागेल.