लूत : एक शब्द, अनेक रोग

गणेशमूर्तींसाठीं नांवाजलेलें हमरापूर हें पेण तालुक्यांतील गांव. कोंकणच्या या पट्ट्यांत पावसाळ्यांत हवा सदैव दमट असते. कुत्र्याचे भिजलेले केस लवकर वाळत नाहींत आणि त्याच्या कातडीला हाच काळ सर्वांत जड जातो. केस झडलेलें, खाजवून रक्तबंबाळ झालेलें कुत्रें दिसलें कीं आपल्याकडे एकच निदान होतें : लूत लागली! या एका शब्दाआड किती भिन्न रोग दडले आहेत, हें कळावयास मात्र सुमारें दोन शतकें लागलीं.

इ. स. १६८७ मध्यें बोनोमो व चेस्तोनी या दोघां इटालियनांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं मनुष्याच्या खरजेचा किडा पाहिला. तथापि खरूज म्हणजे रक्तदोष, ही समजूत पुढें दीर्घकाळ टिकली. १८३४ सालीं पॅरिसमध्यें रेनुच्ची नामक विद्यार्थ्यानें रोग्याच्या कातडींतून तो किडा काढून दाखविला, तेव्हां कोठें वाद मिटला. १८४०च्या दशकांत ग्रुबी यानें नायट्यासारख्या रोगांचें मूळ बुरशींत शोधलें. त्याच सुमारास केसांच्या मुळांशीं राहणारा दुसरा किडा सांपडला व लवकरच तो कुत्र्यांतही आढळला. १८८० सालीं ऑग्स्टन यानें पुवांतील जंतू ओळखले.

याच काळांत मुंबईंत काय घडत होतें? १८३२ सालीं सरकारी हुकुमानें मोकाट कुत्रीं मारण्यांत येऊं लागतांच पारशी समाज खवळला व शहरांत दंगल उसळली. १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें पांजरपोळ निघाली. मरण किंवा दया, एवढे दोनच मार्ग तेव्हां होते. १८८६ सालीं परळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आणि शास्त्रीय उपचाराचा तिसरा मार्ग खुला झाला.

आज हे रोग बरेचसे निराळे ओळखतां येतात. खरजेचा किडा बहुधा कानाच्या कडा व कोपरें यांपासून सुरुवात करतो. तो इतर कुत्र्यांस जडतो व माणसासही कांहीं दिवस खाज आणतो. केसांच्या मुळांतील किडा पिलांस आईकडून येतो, एरवीं सहसा पसरत नाहीं. अशक्त कुत्र्यांतच तो बळावतो. पिसवांची खाज शेपटीच्या मुळाशीं उठते, नायटा वाटोळे चट्टे पाडतो, तर ओल्या केसांखालीं जंतूंमुळें कातडी चिघळते. उघड्या जखमेवर माशी बसली कीं अळ्या पडतात.

कधीं कारण अंगाबाहेरचेंही असतें. २०१७ सालीं रायगड जिल्ह्यांतच, तळोजें येथें कासाडी नदीच्या परिसरांत निळीं कुत्रीं दिसलीं, तीं कारखान्यांतील रंगामुळें. रसायनांनींही कातडी पोळते.

म्हणून सरसकट रॉकेल वा जळकें तेल चोपडणें हा उपाय नव्हे. त्यानें कातडी भाजते आणि चाटल्यास विषबाधा होते. कातडीचा अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणें, हाच योग्य उपचाराचा आरंभ होय. ज्या कुत्र्यास पूर्वीं गांवाबाहेर हांकून देत, तें बहुधा कांहीं आठवड्यांच्या औषधानें बरें होणारें असतें.